हळदीची गोळी आणि मोठीमायची कावीळ : प्रयोगशाळेबाहेर गेलेल्या एका बॅचचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गाव, कॉलेज आणि वर्ष सांगितलेलं नाही. काही घरगुती तपशील बदलले आहेत. लिहिण्याआधी विद्यार्थ्याची आणि त्याच्या मोठीमायची (मोठ्या काकूची) परवानगी घेतली आहे.

पार्श्वभूमी

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी फार्मसी कॉलेजात शिकवते. आमचे बहुतेक विद्यार्थी आसपासच्या खेड्यांतले, कापूस-तुरीच्या घरांतले. एम. फार्म.च्या एका विद्यार्थ्यानं प्रकल्पासाठी हळद निवडली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं वायगाव त्याच्या आजोळाजवळ. तिथल्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिच्यात कर्क्युमिनचं, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचं, प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास असल्याचं सांगितलं जातं. आपल्या मातीतलं पीक, आपल्या पोरानं केलेलं संशोधन आणि लठ्ठपणासारखा आता खेड्यातही शिरलेला आजार, असा तो मेळ होता.

प्रकल्प थोडक्यात असा. कर्क्युमिन पोटात गेलं तरी रक्तात फारसं पोचत नाही. ते पाण्यात विरघळत नाही. ७.२ पीएचच्या साध्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), शरीराच्या तापमानाला, अर्ध्या तासात त्याचा नव्वद टक्के भाग मोडून जातो. जे थोडं शोषलं जातं, त्याला आतडं आणि यकृत ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड देऊन लगेच बाहेर काढतात. म्हणून त्याला आवरणात ठेवायचं आणि बारा तासांत हळूहळू सोडायचं, असं ठरलं. सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात कर्क्युमिन कालवून सुईतून थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये टाकलं, की पडताक्षणी थेंबाचा मणी होतो. त्या मण्यांवर कायटोसानचा थर दिला. सातव्या प्रयत्नात, ज्याला आम्ही एफ-७ म्हणत होतो, थर घट्ट व्हावा म्हणून थोडं ग्लुटारल्डिहाइड हे रसायनही वापरलं, जे उरलं तर शरीराला अपायकारक असतं. प्रत्येक कॅप्सूलमध्ये २०० मिलिग्रॅम कर्क्युमिन आणि ५ मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिऱ्यातलं तिखट द्रव्य.

पिपरिन का, हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं होतं, की नुसतं दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं तर माणसाच्या रक्तात ते जेमतेम सापडतं. सोबत २० मिलिग्रॅम पिपरिन दिलं तर त्याची उपलब्धता वीस पटींनी वाढते. कर्क्युमिनला बाहेर काढणारी ती जोडणी पिपरिन मंद करतो. आमच्या क्षेत्रात हा निष्कर्ष इतका पाठ आहे, की कर्क्युमिन म्हटलं की हात आपोआप पिपरिनकडे जातो. माझाही गेला.

एफ-७मधून कर्क्युमिन किती वेळात किती सुटतं, त्याचा आलेख सुंदर आला. आम्लात दोन तासांत १३ टक्के, मग ६.८ पीएचच्या बफरमध्ये चढत चढत बाराव्या तासाला ८६ टक्के. विद्यार्थ्यानं चारशे कॅप्सूल भरल्या. उंदरांवरच्या चाचणीची परवानगी अजून यायची होती. आमच्याकडे प्राणिगृह नाही, ते काम दुसऱ्या कॉलेजात व्हायचं होतं.

मोठीमाय

विद्यार्थ्याची मोठीमाय, म्हणजे मोठ्या काकांची बायको. वय ४६, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. बॉडी मास इंडेक्स ३६. आपल्याकडे २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, त्यावरून अंदाज यावा. पाच वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. दोन्ही गुडघे दुखायचे, म्हणून कापूस वेचायला जाणं बंद झालेलं. काम कमी झालं, पण खाणं कामाच्या दिवसांचंच राहिलं. ज्वारीच्या भाकरीच्या जागी राशनच्या गव्हाची पोळी आणि भात आले होते, आणि चहा दिवसातून सहा वेळा, प्रत्येक वेळी भरपूर साखर घालून. गुडघ्याच्या डॉक्टरांनी आधी वजन कमी करा म्हटलं. कसं करायचं, हे सांगायला त्यांच्यापाशी वेळ नव्हता. उन्हाळ्यात मुलाचं लग्न ठरलेलं.

त्याच वर्षी आमच्या कॉलेजानं एका शेतकरी मेळाव्यात टेबल मांडलं होतं. मी तिथं माइकवर बोलले, की आपल्या वायगावच्या हळदीपासून लठ्ठपणावरचं औषध तयार होतंय. आणि पुढे हेही बोलले : "हळद आपण रोजच खातो, त्यामुळे साइड इफेक्टचा प्रश्नच येत नाही." मोठीमाय पहिल्या रांगेत बसली होती. घरी गेल्यावर ती पुतण्याच्या मागे लागली. तो दोन महिने नाही म्हणत राहिला आणि दिवाळीत गावी जाताना २४० कॅप्सूल दोन डब्यांत घालून घेऊन गेला.

अडचण कशी उभी राहिली

त्यानं तिला सकाळ-संध्याकाळ एकेक सांगितली आणि दर आठवड्याला वजन करून वहीत लिहायला सुरुवात केली. ती वही मी नंतर पाहिली. अक्षर सुबक, तारखा बरोबर, एखाद्या चाचणीची असावी तशीच. पाच आठवड्यांत वजन ८४ वरून ८३. मोठीमायनं फोनवर सांगितलं, "काही फरक नाही पडून राह्यला, बापू." त्यानं विचार केला, की माणसांना रोज आठ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन देऊन पाहिल्याचे अभ्यास आहेत आणि आपण अर्धा ग्रॅमही देत नाही. त्यानं मात्रा दुप्पट केली. रोज चार कॅप्सूल : ८०० मिलिग्रॅम कर्क्युमिन, २० मिलिग्रॅम पिपरिन.

आता वजन उतरू लागलं. आठव्या आठवड्यात ८०. दहाव्या आठवड्यात ७७.५. वहीत या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. घरात सगळे म्हणाले, औषध लागू पडलं. जेवण कमी झालं होतं, तेलाचा वास नको वाटायचा, दुपारीच झोप यायची. भूक कमी होणं हाच तर आम्ही सांगितलेला परिणाम होता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. त्या दोन रेघांकडे बघताना मला आजही पोटात कालवतं. ते उतरलेलं वजन, निदान त्यातलं बरंचसं, सुजलेल्या यकृतानं मारलेल्या भुकेचं होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एका शेजारणीनं ते ओळखलं. ओटीत वाण घेताना ती म्हणाली, "डोये पाहा वं आरशात, पिवये झाले."

त्यानंतर जे झालं ते आपल्या भागात कुठल्याही घरात होईल तसंच झालं. शेजारच्या गावात काविळीचं औषध देणारे एक म्हातारे आहेत. तीन सकाळी रिकाम्या पोटी पाल्याचा रस, आणि पथ्य : तेल नाही, तिखट नाही, पिवळं काही नाही. मोठीमायनं पथ्य कडक पाळलं. भाजीत, वरणात चिमूटभरही हळद पडू दिली नाही. आणि त्याच सहा दिवसांत रोज चार कॅप्सूल घेत राहिली, कारण ते पुतण्यानं दिलेलं वजनाचं औषध होतं, हळद नव्हती.

सातव्या दिवशी लघवी गडद, अंगाला खाज, उलट्या. काळीपिवळीनं तालुक्याला, तिथून अँब्युलन्सनं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात. काविळीचं माप, बिलिरुबिन, ७.८. यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं एसजीपीटी ११४०, जे चाळीसच्या आत असायला हवं. अल्कलाइन फॉस्फेटेज थोडंच वाढलेलं, म्हणजे पित्तनलिका तुंबल्याचं चित्र नव्हतं, मार थेट यकृताच्या पेशींना बसला होता. रक्त गोठण्याचं माप, आयएनआर, १.२. हा आकडा वाढत नव्हता, एवढाच काय तो दिलासा.

समोर असलेले पर्याय

विद्यार्थी त्या संध्याकाळी माझ्या घरी आला. दारातच उभा राहिला, आत येईना. मग एका दमात सगळं सांगितलं. त्याला एकच विचारायचं होतं : डॉक्टरांना काय सांगू?

दवाखान्यात घरच्यांनी "हळदीचं घरगुती औषध चालू होतं" एवढंच सांगितलं होतं, आणि डॉक्टरांनी केसपेपरवर तसंच लिहिलं होतं. त्यामुळे त्यांचा संशय काविळीच्या रसावर होता. तो संशय चुकीचा म्हणता येत नव्हता. त्या रसात काय होतं ते आजही कळलेलं नाही. पण मोठीमायची भूक रस घेण्याच्या तीन आठवडे आधीच गेली होती.

गप्प राहणं हा एक मार्ग होता. मी तो विचारात घेतला नव्हता असं म्हटलं तर खोटं होईल. विद्यार्थ्याची पदवी, कॉलेजची मान्यता, माझी नोकरी, सगळं क्षणात डोळ्यांपुढून गेलं. आणि मन स्वतःला समजावत होतं, की उपचार तर तोच राहणार, औषधं बंद करायची आणि वाट पाहायची, मग सांगून काय वेगळं होणार. हे खरं नव्हतं. डॉक्टरांना कारण माहीत नसेल, तर ते ऑटोइम्यून आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्याचा आजार, समजून स्टिरॉइड सुरू करू शकतात. मधुमेही बाईची साखर त्यानं भडकते. आणि घरी परतल्यावर उरलेल्या कॅप्सूल ती पुन्हा घेणार नाही, याची खात्री कोण देणार?

दुसरा मार्ग अर्धवट सांगण्याचा. "कर्क्युमिन आणि मिरी" म्हणायचं, ग्लुटारल्डिहाइडचं नाव काढायचं नाही. विद्यार्थ्याचा कल इकडे होता. हळदीतून कर्क्युमिन काढायला प्रयोगशाळेतल्या दर्जाचा अल्कोहोल वापरला होता, त्याचा किती अंश उरला ते तपासलेलं नव्हतं, हेही मग झाकलं गेलं असतं.

तिसरा मार्ग पूर्ण बॅच-रेकॉर्ड डॉक्टरांच्या हातात देण्याचा.

तिसराच निवडला. पण त्याच रात्री नाही. मी आधी प्राचार्यांना फोन केला, ते बाहेरगावी होते, सकाळी बोलू म्हणाले, आणि मी सकाळपर्यंत थांबले. ती रात्र वाया घालवण्याचा मला काही अधिकार नव्हता. मोठीमायची प्रकृती त्या रात्री बिघडली नाही, हा आमचा निर्णय नव्हता, तिचं नशीब होतं.

काय केलं

सकाळी नऊ वाजता मी स्वतः दवाखान्यात गेले. तिथल्या तरुण निवासी डॉक्टरला बॅचचा कागद दिला : काय, किती, कशात काढलं, कशानं घट्ट केलं, काय तपासलं नाही. त्यांनी दोनदा वाचला. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, हा कागद कालच हवा होता."

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो आमच्यापैकी कुणाच्याही मनात आला नव्हता. "पेशंट ही कॅप्सूल घेत कशी होती?"

सिस्टरनं मोठीमायला विचारलं. ती म्हणाली, कॅप्सूल लई मोठी, गिळवत नाही, घशात अडकते. म्हणून ती रोज सकाळी चारही कॅप्सूल उघडायची, मणी खलबत्त्यात कुटायची आणि कोमट दुधात घालून प्यायची. चार वेळा कोण कुटत बसेल, म्हणून एकदाच. पहिल्या दिवसापासून ती कुटूनच घेत होती. पुतण्यानं कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंही नाही. चूर्ण कुटून दुधातून घेणं ही तर घरोघरची रीत.

आमचे बारा तास फक्त काचेच्या भांड्यात होते. तिच्या पोटात सगळं एकदम जात होतं, दुधाच्या स्निग्धांशासह, आणि बरोबर तेच २० मिलिग्रॅम पिपरिन, जे १९९८ च्या अभ्यासात होतं. परत आल्यावर आम्ही शिल्लक कॅप्सूलमधले मणी खलात कुटून सुटण्याचा वेग मोजणाऱ्या त्याच यंत्रात टाकले. अर्ध्या तासात ८० टक्क्यांच्या वर सुटलं. ही चाचणी करायला एक दुपार लागली. ती दीड वर्षात कधीही करता आली असती.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. मणी न कुटता घेतले असते तर कावीळ झालीच नसती, असं मी म्हणू शकत नाही. अशा प्रकारचा यकृताचा आजार अनेकदा मात्रेवर कमी आणि माणसाच्या प्रकृतीवर जास्त ठरतो. २०२२ साली अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदींतून हळदीच्या पूरक गोळ्यांशी जोडलेली दहा प्रकरणं मांडली गेली. पाच जणांना भरती करावं लागलं, एकाचा मृत्यू झाला, आणि सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हा जनुकीय प्रकार सापडला. इटलीतही २०१९ साली अशीच प्रकरणं समोर आली होती आणि २०२२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयानं हळदीच्या पूरकांवर इशारा छापणं बंधनकारक केलं. मी हे सगळं मोठीमाय भरती झाल्यावर वाचलं. त्यातलं बरंच आमच्या ग्रंथालयाच्या संगणकावरून आधीही वाचता आलं असतं. आम्ही "कर्क्युमिन, लठ्ठपणा, परिणामकारकता" एवढंच शोधत होतो.

दवाखान्यात हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई यांच्या तपासण्या झाल्या, सगळ्या निगेटिव्ह. सोनोग्राफीत यकृतात चरबी दिसली, खडे नव्हते. ऑटोइम्यून तपासणीही निगेटिव्ह. औषधजन्य कारण "बहुधा" असं लिहिलं गेलं. "नक्की" लिहायचं तर पुन्हा तेच औषध देऊन पाहावं लागतं आणि ते कुणी करत नाही. कर्क्युमिन, पिपरिन, ग्लुटारल्डिहाइडचे अवशेष, उरलेला अल्कोहोल की पाल्याचा रस, यातलं नेमकं कोण, हे या प्रकरणातून सिद्ध होत नाही.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषध-दुष्परिणाम नोंदणी केंद्रामार्फत आम्ही फॉर्म भरला. प्राचार्यांना शंका होती, की बाजारात नसलेल्या गोष्टीची नोंद कशी होणार. केंद्रातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, संशयित दुष्परिणाम कुठल्याही औषधाचा असो, नोंदवायचा. या नोंदणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर लावलेला आहे.

कॉलेजात प्रकल्प थांबवला. उरलेल्या चाळीस कॅप्सूल सीलबंद केल्या. विद्यार्थ्याचं काय करायचं यावर दोन बैठका झाल्या. काढून टाका असं म्हणणारेही होते. मी म्हटलं, मेळाव्यातलं वाक्य त्याचं नव्हतं, माझं होतं; त्याला काढणार असाल तर मलाही चौकशीत धरा. अखेर त्याला एक सत्र उशिरा प्रबंध द्यायला लावला आणि मार्गदर्शक बदलला. मला लेखी ताकीद मिळाली. दोन्ही योग्यच होतं.

मोठीमायला भेटायला गेले तेव्हा तिनं माझा हात धरला. "मॅडम, माह्या पोट्ट्याले काही करू नका. त्यानं माह्यासाठीच केलं." मला तिची माफी मागायची होती. मागितली. ती म्हणाली, "तुमी त मेळाव्यात चांगलंच सांगितलं होतं." याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही.

निष्पत्ती

सहा दिवसांनी सुट्टी. तीन आठवड्यांनी एसजीपीटी ३१०, दहा आठवड्यांनी पूर्ववत. मेटफॉर्मिन मधल्या काळात बंद ठेवून इन्सुलिन दिलं गेलं, नंतर पुन्हा गोळी. वजन ७४ पर्यंत उतरलं आणि भूक परतल्यावर लग्नापर्यंत पुन्हा ७९ झालं. पुढे तालुक्याच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिचा चहा सहावरून दोनवर आणला, रात्रीचा भात काढला, ज्वारीची भाकरी परत आणली आणि गुडघ्याचे व्यायाम शिकवले. वर्षभरानं ७६. कुठल्याही आलेखावर हा उतार मिरवण्यासारखा नाही. पण ती आता बांधापर्यंत चालत जाते.

वेगळं काय करता आलं असतं

कुटण्याबद्दल वर लिहिलंच आहे. गोळी तोडू नका, कुटू नका, हे दीर्घमुक्त, म्हणजे सावकाश सुटणाऱ्या, औषधांच्या पाकिटावर असतं आणि आमच्या डब्यावर काहीच नव्हतं. शून्य-शून्य आकाराची, म्हणजे चांगलीच मोठी, कॅप्सूल दिवसाला चार वेळा गिळणारं माणूस आमच्या खेड्यात किती सापडेल, हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर हवा होता. मणी लहान करून पुडीतून, भाकरीच्या घासाबरोबर न चावता घेता येतील का, अशा दिशेनं जाता आलं असतं.

त्याहून मागे जाऊन, आम्ही एक मूळ प्रश्न कधी सोडवलाच नाही : हे द्रव्य काम कुठे करणार? लठ्ठपणावर वनस्पतिद्रव्यं वेगवेगळ्या जागी काम करतात असं मानलं जातं. काही आतड्यातलं चरबी पचवणारं लायपेज हे विकर रोखतात. ऑरलिस्टॅट हे मान्य औषध तेच करतं आणि म्हणूनच १२० मिलिग्रॅम जेवणाबरोबरच घ्यायचं असतं. तसं असेल तर बारा तास सावकाश सुटण्याला अर्थ नाही, ते घासाबरोबर हजर हवं. काही द्रव्यं लहान आतड्याच्या शेवटी पोचली तर तिथल्या पेशींतून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही भूक मंदावणारी संप्रेरकं सुटू शकतात. तसं असेल तर मणी तिथवर शाबूत पोचणं महत्त्वाचं, आणि रक्तात काही जाण्याची गरजच नाही. पिपरिन घालायचं कारणच उरत नाही. तिसरी शक्यता, द्रव्यानं यकृतात आणि चरबीच्या पेशींत शिरून काम करावं, तिथंच रक्तातली पातळी वाढवण्याला अर्थ आहे, आणि तिथंच यकृताला धोका आहे. आम्ही तिन्ही कारणं प्रस्तावनेत एकाखाली एक लिहिली आणि गोळीत तिन्हींची सोय करायला गेलो. दुसरी वाट निवडली असती, तर हे प्रकरण कदाचित घडलंच नसतं. आज नव्या विद्यार्थ्याला मी सीनॉप्सिसच्या, म्हणजे प्रकल्पाच्या आराखड्याच्या, आधी एकच वाक्य लिहून आणायला सांगते : द्रव्य कुठे पोचायला हवं आणि कुठे पोचायला नको.

आणि मेळाव्यातलं ते वाक्य. हळद रोज खातो हे खरं. आपण खातो ती चिमूटभर, फोडणीत, आणि तिच्यातलं कर्क्युमिन शरीर जवळजवळ सगळं बाहेर टाकतं. आमचा दीड वर्षाचा सगळा खटाटोप ते बाहेर टाकणं थांबवण्यासाठीच होता. ते थांबवलं, की रोजच्या वरणातल्या हळदीचा दाखला त्या गोळीला लागू पडत नाही. आठ ग्रॅमचा दाखलाही पडत नाही, कारण ते आठ ग्रॅम साधं कर्क्युमिन होतं. कायद्याला हे आमच्याआधी कळलेलं आहे. नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९ प्रमाणे एखाद्या आधीच मान्य असलेल्या औषधाचंसुद्धा दीर्घमुक्त रूप नवीन औषध धरलं जातं. इतर नवीन औषधं चार वर्षांनी जुनी होतात, हे कायम नवीनच राहतं. मी हा नियम परीक्षेसाठी शिकवत आले होते.

विद्यार्थ्याला दोन महिने नाही म्हणावं लागलं आणि त्या दोन महिन्यांत त्याला माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही, हेही मला खुपतं. त्याला भीती होती की मी रागावेन. मी रागावलेच असते. पण मोठीमायला कुठे पाठवायचं, आहारतज्ज्ञ कुठे बसतात, हे मी तेव्हाही सांगू शकले असते.

मोजणीचा हिशेब अजून पूर्ण झालेला नाही. चारशेपैकी १२० चाचण्यांना लागल्या, ४० सीलबंद, २४० गावी गेल्या. मोठीमायच्या आणि वहीच्या हिशेबानं तिनं २०६ घेतल्या, १६ परत आल्या. उरल्या १८. पहिल्या महिन्यात तिनं बचत गटातल्या तिघींना थोड्या थोड्या दिल्या होत्या, प्रत्येकीला सहा. एकीनं चार घेऊन सोडून दिल्या, दोन परत केल्या. तिची तपासणी करून घेतली, ठीक निघाली. दुसरीनं सहाच्या सहा परत दिल्या. तिसरीचं नाव मोठीमाय सांगत नाही. तिच्या घरच्यांना कळलं तर तिला बोलणी बसतील म्हणते. मी दर दोन-तीन महिन्यांनी विचारते. त्या सहा कॅप्सूल अजून सापडलेल्या नाहीत.